फ्लँड्री आधीचा, बाँड नंतरचा

फ्लँड्री हा विज्ञानकथांमधला, पृथ्वीच्या अंतराळी साम्राज्याचा गुप्तहेर. तो म्हणजे अंतराळात सोडलेला आपमतलबी जेम्स बाँड, असं काही जण म्हणतात. उलट आहे हो! लेखक पॉल अँडरसनचा फ्लँड्री १९५१चा, बाँड १९५३चा. आपमतलबी म्हणाल तर मान्य. उंची दारू, झकपक कपडे आणि दिमतीला हिरव्या कातडीचा नोकर चाइव्ज लागतोच त्याला.

पण 'द रेबेल वर्ल्ड्स' (१९६९) ही फ्लँड्रीची कादंबरी बघा. गव्हर्नर नराधम, बंडखोर अ‍ॅडमिरलची बाजू न्यायाची, आणि हा पठ्ठ्या त्याच अ‍ॅडमिरलच्या बायकोवर जीव टाकून बसलेला. तरी लढतो साम्राज्याकडूनच! साम्राज्य किडलंय हे त्याला पक्कं ठाऊक आहे, पण ते कोसळलं की अंधारयुग. तेव्हा आपल्या हयातीत तरी टिकवावं, असा त्याचा रोकडा हिशेब. हरलेल्या बंडखोरांना मात्र तो साम्राज्याबाहेर निसटू देतो.