सिस्प्लॅटिन दिल्यावर पी२१ एका सेल लाइनमध्ये वाढतो, दुसरीत ढिम्म! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एमएस्सीचं प्रोजेक्ट चालू आहे आणि गाडी अडलीये. डीएनएला इजा करणारं रसायन दिलं की पेशी कुठले जीन्स चालू-बंद करतात, हे बघायचंय. एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी) आणि हीला या दोन सेल लाइन्स, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी. रसायन म्हणजे सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचं औषध, १० आणि ५० मायक्रोमोलर, २४ तास. मग आरएनए काढून क्यूपीसीआर (कुठल्या जीनचा आरएनए किती, हे मोजणारी चाचणी). पी५३ (इजा झाली की इतर जीन्स चालू करणारा), त्याने चालू होणारे पी२१ (पेशीचं विभाजन थांबवणारा) आणि एमडीएम२ हे जीन्स, आणि तुलनेला ॲक्टिन.

एमसीएफ-७ मध्ये १० ला पी२१ आणि एमडीएम२ छान वर गेले, ५० ला मात्र कंट्रोलच्याही खाली. हीलामध्ये दोन्ही डोसना काही नाही. आणि पी५३ तर कुठेच हलला नाही! ॲक्टिनचा सीटी (क्यूपीसीआरमधलं मोजमाप) सगळीकडे जवळपास सारखा, मेल्ट कर्व्हही स्वच्छ, म्हणजे भलतंच काही मोजलं गेलेलं नाही. गाईड म्हणतात, "पुन्हा कर." करीन, पण नेमकं काय बदलू?

जुनाखोड:
पिपेटला दोष देऊ नकोस. हीला ही १९५१ साली बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून आलेली लाइन. त्यात एचपीव्ही-१८ हा विषाणू बसलेला आहे. त्या विषाणूचं ई६ प्रथिन पेशीतल्याच एका एन्झाइमला हाताशी धरून पी५३ ला मोडीत काढायला लावतं. पी५३ चा जीन धडधाकट, पण प्रथिन टिकतच नाही. मग पी२१ ला उठवणार कोण?

पी५३ चा आरएनए मोजून फार हाती लागणार नाही. एरवी एमडीएम२ हे प्रथिन पी५३ ला सतत नष्ट करवत असतं. डीएनए तुटला की एटीएम, एटीआर हे कायनेज (फॉस्फेट जोडणारे एन्झाइम) पी५३ वर फॉस्फेट चढवतात, एमडीएम२ ची पकड सुटते आणि प्रथिन साठत जातं. आरएनए होता तेवढाच राहतो. म्हणून पी५३ साठी वेस्टर्न (प्रथिन मोजणारी चाचणी) कर.

धागाकर्ती:
बापरे, हे कुणी आधी का नाही सांगितलं! मग एमसीएफ-७ मध्ये ५० ला पी२१ का पडला? तिथे तर ई६ नाही.

अर्धवटराव:
आधी सांगा, औषधाचा स्टॉक डीएमएसओ या द्रावकामध्ये केलाय का? सिस्प्लॅटिनची डीएमएसओशी अभिक्रिया होते आणि औषधाचा जोर जातो.

धागाकर्ती:
नाही हो, सलाइनमध्येच. सिनियरने पहिल्याच दिवशी दम दिला होता.

अर्धवटराव:
सिनियरला चहा पाजा. मग माझा अंदाज असा: सिस्प्लॅटिन डीएनएच्या शेजारशेजारच्या ग्वानिनना एकत्र जखडतं, आणि आरएनए बनवणारं आरएनए पॉलिमरेज तिथे येऊन अडकतं. डोस जास्त झाला की नवा आरएनए बनणंच मंदावतं. ॲक्टिनचा आरएनए दीर्घायुषी, जुन्या साठ्यावर दिवस काढतो. पी२१ आणि एमडीएम२ चा अल्पायुषी, तो आधी संपतो. गुणोत्तर काढलं की वाटतं पेशीने जीन बंद केला. खरं तर कारखान्यालाच टाळं लागलेलं असतं. शिवाय ५० ला २४ तासांनी किती पेशी जिवंत होत्या? एमटीटी (जिवंत पेशींचा अंदाज देणारी चाचणी) केलंय का? मरणाऱ्या पेशींचा आरएनए मोजून प्रतिसाद म्हणून दाखवू नका, परीक्षक तिथेच धरतात.

जुनाखोड:
+१. डोस उतरत्या क्रमाने लाव, आणि ४, ८, २४ तास असे टप्पे घे. गॅमा-एच२एएक्स या डीएनएच्या इजेच्या खुणेचं स्टेनिंगही कर, म्हणजे हीलामध्ये इजा झाली पण पी२१ उठला नाही, हे दाखवता येईल. नुसतं "काही वाढलं नाही" यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

धागाकर्ती:
हीला काढून टाकू का मग?

जुनाखोड:
अजिबात नको, आयता पी५३-दुबळा नमुना आहे तो. फक्त दोन्ही लाइन्स वेगवेगळ्या अवयवांच्या, त्यामुळे फरक एकट्या पी५३ मुळेच आहे असं छातीठोक लिहू नकोस. तसं लिहायचं असेल तर एचसीटी११६ या सेल लाइनची जोडी कुणाकडे मिळते का बघ: एक मूळची, दुसरी त्यातूनच पी५३ काढून टाकलेली.