धोरण डळमळीत झाले की धूर कमी होतो का?

हिशेबनीस (दादर)

आर्थिक धोरणाविषयी अनिश्चितता वाढली की कारखाने हात आखडता घेतात आणि त्यामुळे कार्बन उत्सर्जनही घटते, असे मत परवा एका व्याख्यानात ऐकले. विकसनशील देशांच्या बाबतीत मला ते अजिबात पटत नाही. सौर प्रकल्पाचा जवळजवळ सारा खर्च सुरुवातीलाच करावा लागतो आणि तो पंचवीस वर्षे वीज विकून वसूल होतो. कोळशाच्या केंद्रात मात्र खर्चाचा मोठा वाटा इंधनाचा असतो आणि तो वीज बनेल तसतसा होत जातो. म्हणून उद्याच्या नियमांची खात्री नसली की कर्ज महाग होते आणि त्याचा अधिक फटका सौर प्रकल्पालाच बसतो; कोळसा मात्र जळतच राहतो. आंध्र प्रदेशात २०१९ साली नव्या सरकारने आधीच झालेले वीजखरेदी करार दर कमी करण्यासाठी पुन्हा उकरून काढले आणि उच्च न्यायालयाने ते पाळण्यास सांगेपर्यंत २०२२ साल उजाडले. तोवर कंपन्यांना तात्पुरत्या, कमी दराने पैसे मिळत होते. दक्षिण आफ्रिकेतही एस्कॉम या सरकारी वीज कंपनीकडे अक्षय ऊर्जेचे २७ करार सह्यांवाचून अडून राहिले. ते एप्रिल २०१८ मध्ये मार्गी लागले.

पार्लेकर

हिशेबनीस, तुमचा भांडवलाचा मुद्दा मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. याच अनिश्चित म्हणवल्या जाणाऱ्या काळात भारताची सौर क्षमता २०१४ मधील सुमारे ३ गिगावॉटवरून जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॉटवर गेली. शिवाय धोरणातील प्रत्येक बदलाला अनिश्चितता म्हणता येणार नाही. आयात सौर पॅनेलवर ४० टक्के सीमाशुल्क एप्रिल २०२२ पासून लागू झाले, पण त्याची घोषणा वर्षभर आधी, मार्च २०२१ मध्येच झाली होती. देशी उत्पादन उभे करायचे असेल, तर सरकारला दिशा बदलण्याची मोकळीक हवीच. अनिश्चितता मोजण्याचा जो निर्देशांक बेकर, ब्लूम आणि डेव्हिस या अर्थतज्ज्ञांनी रूढ केला, तो अर्थव्यवस्था, धोरण आणि अनिश्चितता यांविषयीचे शब्द असलेले वृत्तपत्रांतील लेख मोजतो आणि भारतासाठी इंग्रजी वृत्तपत्रे वापरतो. त्यावरून वसईच्या गाळ्यात काय चालले आहे, हे कसे कळणार?

बॉयलरवाला (वसई)

गाळ्यातले मीच सांगतो. आमचे कापड रंगवण्याचे छोटे युनिट आहे. ऑर्डरी कमी झाल्या तेव्हा आमचा एकूण कोळसा कमी लागला, हे खरे आहे, पण जुना बॉयलर अर्ध्या भारावर चालवल्यामुळे दर मीटर कापडामागे तो पूर्वीपेक्षा जास्त जळला. नवा बॉयलर घेण्याचे ठरले होते, मात्र अनुदानाचे आणि इंधनाच्या नियमांचे काय होणार हे कळेना, म्हणून आम्ही दोन वर्षे थांबलो. पुढे ऑर्डरी परत आल्या, तेव्हा त्याच जुन्या बॉयलरवर सगळे काम काढले.

हिशेबनीस (दादर)

बॉयलरवाले, तुमच्या या अनुभवातच माझे उत्तर आहे. मंदीत घटलेला धूर मागणीबरोबर परत येतो, जसा २०२० च्या टाळेबंदीनंतर २०२१ मध्ये आला; पण नवा बॉयलर पुढे ढकलला की जुना मधल्या वर्षांचा जास्तीचा कोळसा जाळूनच टाकतो. पार्लेकर, १०० गिगावॉटचे उद्दिष्ट २०२२ चे होते, ते दोन वर्षे उशिरा गाठले गेले. पूर्वसूचना दिलेल्या शुल्काबद्दलचा तुमचा मुद्दा मात्र मी स्वीकारतो; माझा आक्षेप बदलाला नाही, झालेला करार मागाहून उघडण्याला आहे.

पार्लेकर

त्या उशिरात कोविडचा, जमिनीच्या तंट्यांचा आणि पारेषण वाहिन्यांचाही वाटा होता. सगळे खापर धोरणावर फोडणे मला अन्यायाचे वाटते. तरीही झालेले करार उघडू नयेत, यावर आपले एकमत आहे. मग कोळशाच्या केंद्रांना हाच न्याय लावायचा का, हे सांगा. आपल्या मुंबईला ट्रॉम्बे आणि डहाणू येथून कोळशाची वीज मिळते आणि तिथलेही करार करारच आहेत.