शब्दचर्चा : पिक्सेल, रिझोल्यूशन आणि ‘फोटो फाटणे’

विचारणा : लग्नपत्रिकेसाठी दिलेले छायाचित्र छपाईवाल्यांनी ‘रिझोल्यूशन कमी आहे, फोटो फाटेल’ असे सांगून परत केले. तेच छायाचित्र मोबाईलवर मात्र स्वच्छ दिसते. रिझोल्यूशन म्हणजे नेमके काय, आणि या शब्दासाठी व ‘पिक्सेल’साठी मराठीत काय वापरावे?

प्रतिसाद : आधी पिक्सेल पाहू, म्हणजे डिजिटल चित्र ज्या बारीक एकरंगी तुकड्यांचे बनते त्यातला एक तुकडा. ‘पिक्स’ म्हणजे चित्रे आणि ‘एलिमेंट’ म्हणजे घटक, यांचा हा जोडशब्द अमेरिकेतील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या फ्रेडरिक बिलिंग्स्ले यांनी 1965 मध्ये अंतराळयानांच्या छायाचित्रांविषयी लिहिताना वापरला. वस्तू मात्र शब्दाहून जुनी आहे. 1957 मध्ये अमेरिकी संगणकतज्ज्ञ रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरवले, तेव्हा त्याचे 176 × 176, म्हणजे 30,976 चौकोन पाडले होते.

मराठीत याला ‘चित्रबिंदू’ म्हणतात, तो शब्द मला पटत नाही. भूमितीतल्या बिंदूला लांबी-रुंदी नसते. पिक्सेलला स्वतःचे ठरलेले माप नसले, तरी पडद्यावर किंवा कागदावर येताच तो काही जागा व्यापतो आणि त्या जागेत एकच रंग असतो. शिवाय छपाईत खरोखरचे शाईचे ठिपके असतात, आणि एका पिक्सेलचा रंग साधण्यासाठी छपाईयंत्र चार शायांचे अनेक ठिपके टाकते. म्हणून ‘ठिपका’ छपाईसाठी राखून पिक्सेलला ‘चित्रकण’ म्हणावे, किंवा सरळ ‘पिक्सेल’च ठेवावे. डीपीआय म्हणजे इंचातले ठिपके आणि पीपीआय म्हणजे इंचातले पिक्सेल, हा भेद व्यवहारात पुसला गेला आहे, पण शब्दचर्चेत तो जपायला हवा.

‘रिझोल्यूशन’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो, आणि तुमची अडचण तिथेच आहे. एक अर्थ एकूण पिक्सेलसंख्येचा, जसे 4000 × 3000 म्हणजे सव्वा कोटीला थोडे कमी. दुसरा दर इंचातल्या दाटीचा. समजा, तुमचे छायाचित्र 800 पिक्सेल रुंद आहे. मोबाईलचा पडदा जेमतेम पावणेतीन इंच रुंद, म्हणून तिथे इंचाला 300 च्या आसपास पिक्सेल पडतात. पत्रिकेवर तेच 5 इंचांत पसरले की इंचाला 160 उरतात, आणि छपाईवाले सहसा 300 मागतात. पिक्सेल तेवढेच राहिले, दाटी कमी झाली. त्यामुळे फाईलमध्ये ‘इंचाला किती पिक्सेल’ या नोंदीत असलेला, समजा 72 हा आकडा बदलून नुसता 300 लिहिल्याने काहीही सुधारत नाही.

विचारणा : मग 300 हाच आकडा का? आणि रस्त्यावरच्या मोठ्या फ्लेक्सलाही तो लागतो का?

प्रतिसाद : निरोगी डोळ्याला सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनाने वेगळे असलेले दोन तपशील निराळे दिसतात. एक फुटावरून पाहताना हा हिशेब इंचाला साधारण 290 पिक्सेलांवर येतो, तोच पूर्णांकात 300. दहा फुटांवरून पाहायच्या फ्लेक्सला त्याच नियमाने इंचाला 30 पुरतात.

दोन तपशील वेगळे ओळखता येणे हाच रिझोल्यूशनचा मूळ अर्थ आहे. दुर्बिणीच्या संदर्भात ‘विभेदनक्षमता’ म्हणतात, ते अचूकच आहे. पण मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘सैल करणे, सोडवणे’ असा असल्यामुळे मला ‘उकल’ अधिक जवळची वाटते : शिवण उकलते, कोडे उकलते, तशा दोन बारीक रेघाही उकलून दिसतात. मात्र ‘उकल’ केवळ याच अर्थासाठी वापरावी. एकूण संख्येला ‘पिक्सेलसंख्या’ आणि इंचातल्या दाटीला ‘पिक्सेलघनता’ असे वेगळे म्हटले की छपाईवाल्याशी बोलताना घोटाळा उरणार नाही.

‘फोटो फाटणे’ हा प्रयोग मात्र मी बदलू इच्छित नाही. पिक्सेल मोठे होऊन कडांना पायऱ्या पडतात आणि चित्राची सलगता तुटते, हे त्या एका क्रियापदात नेमके येते.