डोसिंग पंप चालतो, मोजून बरोबर देतो, तरी अल्कलिनिटी घसरून राहिली

प्रतापनगर_रीफ:
नमस्कार मंडळी. माझी खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी. ती आणि सम्प (तिला जोडलेली दुसरी टाकी) मिळून २०० लिटर पाणी. एका कॅनमध्ये खाण्याचा सोडा, लिटरभर आरओ पाण्यात ८४ ग्रॅम. दुसऱ्यात कॅल्शियम क्लोराइड. दोन्हींना वेगळे पेरिस्टाल्टिक पंप, म्हणजे रोलरनं नळी दाबत पाणी पुढे ढकलणारे. माझे प्रवाळ सांगाडा बांधायला दिवसाला साधारण १ डीकेएच (अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट, मोजायचं माप) खातात, म्हणून सोडा रोज ७२ मिली, दर तासाला ३ मिली. कॅल्शियम अर्ध्या तासानंतर, सम्पच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे दोन्ही एकमेकांना भेटून पांढरा गाळ होत नाही.

नऊ दिवसांत अल्कलिनिटी ८.६ वरून ६.९ वर आली. कॅल्शियम ४३० वरच आहे. दोन वेगळ्या किटनं तपासलं, आकडा तोच. परवा कॅलिब्रेशनही केलं: मोजपात्र टेबलावर ठेवून पंप सलग चालवला, ५० मिली मागितले, ४९ च्या थोडं वर आले. नळीच्या टोकावर सोडा खडूसारखा जमला होता, मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत दोन दिवसांत जमतो. तो व्हिनेगरनं काढला. (कॅल्शियमचं टोक मात्र ओलंच असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं.) फरक शून्य.

जांभळी मोंटिपोरा (पसरत वाढणारं प्रवाळ) पाच रुपयांच्या नाण्याएवढी आणली होती, तीन वर्षांत तळहाताएवढी झाली. तिची पांढरी कड दर आठवड्याला पुढे सरकायची, ती आता थांबली. पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे बारीक जीव, अर्धेच उघडतात. जीव लागला आहे हो तिच्यावर. काय करावं समजून नाही राहिलं.

धंतोली_मरीन:
भाऊ, डोस ८५ मिली करून टाका. प्रवाळ वाढले की खाणंही वाढतं.

खारंपाणी_मानेवाडा:
थांबा दादा, डोसला हात लावू नका. पंपात दोष असेल आणि तो उद्या दुरुस्त झाला, तर ८५ मिली खरोखर ८५ जातील. मग घसरणीऐवजी उसळी, आणि उसळीनं प्रवाळाची टोकं जळतात.

आधी सांगा, सोड्याच्या कॅनची पातळी नऊ दिवसांत किती उतरली?

प्रतापनगर_रीफ:
कॅन भरला तेव्हाच मार्करनं रेघ मारली होती, आता रेघेपर्यंत परत भरून मोजलं. ६४८ मिली जायला हवे होते, सव्वापाचशेच गेले. हे आधी सुचायला हवं होतं.

खारंपाणी_मानेवाडा:
मग प्रवाळाचं खाणं वाढलेलं नाही. साधारण १२० मिली कमी गेले. तुमच्या २०० लिटरला १ डीकेएच म्हणजे ७१-७२ मिली, म्हणजे १२० मिलीचे १.७ डीकेएच. तुमची घसरण नेमकी तेवढीच.

आता कॅलिब्रेशन बरोबर कसं आलं ते बघा. पंपाच्या हेडमधली, म्हणजे रोलर फिरतात तिथली, नळी जुनी झाली की रोलर ती पूर्ण दाबू शकत नाही. पंप थांबला की वर चढलेलं पाणी हळूहळू कॅनकडे परत उतरतं. पुढच्या डोसला पंप आधी ती रिकामी नळी भरतो, मग थेंब पडतो. सलग ५० मिली काढताना हा तोटा एकदाच होतो, दिसतही नाही. दर तासाला ३ मिली देताना तो दिवसातून चोवीस वेळा होतो.

पंप बंद झाल्यावर टोकाकडची नळी टॉर्च लावून वीस मिनिटं बघा. आणि मोजपात्र सम्पच्या वर, नेहमीच्या उंचीवर धरून एकच डोस मोजा.

प्रतापनगर_रीफ:
ताई, बसून बघितलं. टोकापासून हवा मागे सरकते, मुंगीच्या चालीनं. वीस मिनिटांत वीतभराला थोडी कमी. एक डोस मोजला: २.४ मिली. हेड उघडलं तर नळी दोन ठिकाणी चपटी, तिथे काचेसारखी चकाकते. बोटानं दाबून सोडली तर गोल होत नाही. अडीच वर्षं बदललीच नव्हती.

नवी नळी यायला आठवडा लागेल म्हणतात.

धंतोली_मरीन:
मग माझा सल्ला मागे घेतो. तोवर पाणी उलटं न जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावला तर?

खारंपाणी_मानेवाडा:
मी लावला होता. सोड्याच्या लाइनवर त्यात खार जमून तो उघडाच अडकला, आणि आहे म्हणून मी निर्धास्त राहिले. नको.

आठवडाभर असं करा: २४ ऐवजी ६ डोस, प्रत्येकी १२ मिली. तोटाही तितक्याच पटीनं कमी, दिवसाला तेरा-चौदाऐवजी तीन-साडेतीन मिली. मागची तूट भरायला रोज ३० मिली हातानं, वेगानं वाहणाऱ्या पाण्यात, थोडं थोडं, चार दिवस. एका दिवसात सगळं ओतू नका. नळीचं टोक पाण्याच्या वरच ठेवा, ते बुडालं आणि नळी ढिली असली तर उलटा सायफन लागू शकतो.

प्रतापनगर_रीफ:
पाचवा दिवस, ८.४. नळी काल आली, बसवली. पंप बंद करून तासभर बघितलं, हवा जागची हलली नाही. परत दर तासाला ३ मिलीवर आणलं, एक डोस मोजला, ३ भरला. दोन जादा नळ्याही मागवल्या, बसवायची तारीख कॅनवर लिहिली.

मोंटिपोराचे पॉलिप आज सकाळी पूर्ण उघडले होते. कड अजून सरकलेली नाही, पण उजवीकडे नखाएवढ्या जागेत ताजी पांढरी रेघ दिसते. फोटो काढला आहे, रविवारी पुन्हा काढून जुळवून बघतो.