बेदाणा शेडवर मोजमापाची कोणती यंत्रं खरंच लागतात?

शेडनवी (कवठेमहांकाळ)

नमस्कार मंडळी. माझी द्राक्षबाग आहे: दोन एकर सोनाका, एक एकर माणिक चमन या जाती. यंदा माल भाड्याच्या शेडवर न नेता स्वतःच्या रॅकवर बेदाणा करायचा आहे. दुकानदारानं यंत्रांची यादी दिली आहे: रिफ्रॅक्टोमीटर (रसाची गोडी, म्हणजे ब्रिक्स मोजणारा), डिजिटल पीएच मीटर, हवेतल्या आर्द्रतेचा मीटर, बेदाण्यातला ओलावा मोजायचा मीटर. सगळं घेतलं तर खर्च बराच होतो. जुने बेदाणेवाले म्हणतात, मणी चावून गोडी कळते, डिपिंगचं द्रावण (वाळवण्याआधी द्राक्ष ज्यात बुडवतात ते) बोटाला बुळबुळीत लागलं की झालं, आणि बेदाणा मुठीत दाबला की वाळला का ते समजतं. ते चुकीचं आहे असं म्हणायचं नाही, पण नवख्याच्या हाताला तो अंदाज नाही. पाणी बोअरचं आहे, जड आहे. पाहिजे आहे हिरवा बेदाणा. यातलं काय घ्यावं, काय सोडावं, आणि घेतलेलं यंत्र वापरायचं कसं, हे कृपया नेमकं सांगा.

मणीमोजे (तासगाव)

रिफ्रॅक्टोमीटर आधी घ्या. बाकीचं नंतर. कारण तो रंगाचं नाही, सरळ पैशाचं यंत्र आहे.

हिशोब बघा. ब्रिक्स म्हणजे रसातल्या विरघळलेल्या घन पदार्थांचं शेकडा प्रमाण, आणि त्यात बहुतेक साखरच असते. बेदाण्यात शेवटी १५ टक्के ओलावा राहतो, म्हणजे ८५ टक्के घन. १८ ब्रिक्सचा एक टन माल टाकला तर १८० किलो भागिले ०.८५, म्हणजे साधारण २१२ किलो बेदाणा. तोच माल २२ ब्रिक्सला आला तर २५९ किलो. टनामागं ४७ किलोचा फरक, आणि तोडणी, कॅरेट, डिपिंग, मजुरी तेवढीच. देठ आणि गळ धरून प्रत्यक्षात आकडा थोडा हलतो, पण चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा हे जे आपण म्हणतो ते २२ च्या आसपासच जमतं. १८ च्या मालाचा बेदाणा बारीक, सुरकुतलेला, सालपटासारखा निघतो तो वेगळाच.

मग २६ पर्यंत का थांबू नये? कारण तुम्हाला हिरवा पाहिजे. मणी जसा पिकत जातो तसं हरितद्रव्य कमी होतं आणि मणी पिवळट, अंबरी दिसू लागतो. हिरव्यासाठी २२ ते २४ मध्ये तोडणी धरा. २४ च्या पुढं गेलं की गोडी आणि वजन वाढतं, रंग जातो. दोन्ही हातात येत नाही.

वापरताना लोक चुकतात ते नमुन्यात. बांधावरच्या, उन्हाकडच्या घडाचा वरचा मणी तोडून काचेवर पिळला की आकडा चांगलाच येणार. एकाच घडात खांद्याचा मणी गोड आणि शेंड्याचा कमी गोड असतो. बागेच्या चार-पाच ओळींतून, वेलीच्या दोन्ही अंगांनी, खांदा, मध्य आणि शेंडा असे मिळून शंभरेक मणी घ्या, पिशवीत एकत्र चुरा, रस गाळा आणि त्याचा थेंब टाका. सोनाका आणि माणिक चमनचा नमुना वेगळा. दोन्ही एका दिवशी तयार होतीलच असं नाही.

दुसरी चूक तापमानाची. साधा रिफ्रॅक्टोमीटर २० अंशाला जुळवलेला असतो. मार्चच्या दुपारी ३५ अंशाला तो साधारण १ ब्रिक्सनं कमी दाखवतो. आपोआप तापमान जुळवणारा मिळाला तर बरं. नसेल तर डिस्टिल्ड वॉटरची बाटली यंत्राजवळ सावलीत ठेवा आणि मोजायच्या आधी त्याच पाण्यानं शून्य जुळवा. बहुतेक चूक तिथंच निघून जाते. दर वाचनानंतर काच ओल्या मऊ फडक्यानं पुसा. वाळलेल्या साखरेवर पुढचा थेंब पडला तर आकडा खोटाच येतो.

द्रावणवाला (मिरज)

पीएच मीटर सोडा. पीएच पट्ट्या घ्या, ९ ते १३ च्या टप्प्यातल्या.

कारण सांगतो. डिपिंगचं नेहमीचं प्रमाण म्हणजे लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली इथाइल ओलिएट, म्हणजे आपलं डिपिंग ऑइल. २०० लिटरच्या टाकीला ५ किलो कार्बोनेट आणि ३ लिटर तेल. कार्बोनेट या प्रमाणात असेल तर पीएच ११ च्या जवळ येतोच, आणि पटकन घसरतही नाही. दशांशापर्यंत मोजून तुम्ही वेगळं काही करणार नाही. शिवाय मीटरची काचेची कांडी तेलकट द्रावणात बुडाली की तिच्यावर थर बसतो, आणि मग ती काहीही दाखवते. ती पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ओली ठेवावी लागते, ७ आणि १० पीएचच्या ठरावीक द्रावणांना (बफरला) वारंवार जुळवावी लागते. शेडवरच्या धावपळीत हे होत नाही. तेलाचा साधा मीटर असता तर तो घ्या म्हटलं असतं.

तुमची खरी अडचण जड पाणी आहे, आणि ती पीएच मीटरला दिसतच नाही. पाण्याचा जडपणा ५०० पीपीएम असला तरी २५ ग्रॅम कार्बोनेटातलं पाऊण ग्रॅमसुद्धा त्यात खर्ची पडत नाही. पीएच छान ११ दाखवतो. नुकसान तेलाचं होतं. पाण्यातलं कॅल्शियम तेलातल्या सुट्या ओलिक आम्लाला धरून साबणाचे पांढरे कण करतं, द्रावण फाटतं, तेल वर तरंगतं. मग टाकीत पहिल्यांदा बुडवलेल्या कॅरेटला तेल जास्त, शेवटच्याला नुसतं खारं पाणी. एकाच दिवसाच्या मालात अर्धा हिरवा, अर्धा तांबूस निघाला की बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

तपासणी घरच्या घरी होते. काचेच्या बाटलीत १ लिटर बोअरचं पाणी घ्या, २५ ग्रॅम कार्बोनेट विरघळवा, अर्धा तास ठेवा. पाणी दुधाळ होऊन तळाला पांढरा गाळ बसला तर पाणी जड. उपायही त्यातच आहे: आदल्या संध्याकाळी टाकीत पाणी भरून कार्बोनेट घालून ढवळून ठेवा, रात्रभर गाळ खाली बसू द्या, सकाळी वरचं नितळ पाणी दुसऱ्या टाकीत घ्या, आणि मगच तेल. पावसाचं साठवलेलं किंवा म्हैसाळच्या कालव्याचं गाळलेलं पाणी मिळत असेल तर निम्मं मिसळा, काम हलकं होतं.

तेल थेट टाकीत ओतू नका. बादलीत पाच-सहा लिटर कार्बोनेटचं द्रावण घ्या, त्यात तेल बारीक धारेनं सोडत जोरात घुसळा, एकसारखं दुधासारखं झालं की टाकीत ओता. दहा मिनिटं हलवायचं थांबवून बघा. वर तेलाचे डोळे दिसले तर ते द्रावण वापरायचं नाही.

कॅरेट २ ते ४ मिनिटं बुडवा. इथं घड्याळ हेच यंत्र, आणि ते पाळा. मण्यावरच्या मेणाच्या पापुद्र्यांत तेल शिरतं आणि पाण्याला बाहेर पडायला वाट होते, साल मात्र अखंड राहते. साल अखंड आहे तोवर आतली द्रव्यं आणि त्यांना तपकिरी करणारं एन्झाइम वेगवेगळी राहतात. जास्त वेळ बुडवलं, किंवा माल लवकर वाळावा म्हणून कार्बोनेट दुप्पट केलं, की साल तडकते, रस बाहेर येतो आणि बेदाणा काळपट, चिकट होतो. तुटलेला, चिरडलेला मणी टाकीत जाऊच देऊ नका.

टाकीची पातळी उतरली की नुसतं पाणी भरू नका. त्याच प्रमाणाचं द्रावण वेगळं करून ठेवा आणि तेच भरा. कार्बोनेटची पिशवी उघडी ठेवली तर ते हवेतलं पाणी ओढून घेतं, मग वजनाला ५ किलो भरतं पण त्यात कार्बोनेट कमी असतं. आणि हातमोजे, चष्मा घालाच. बोटाला बुळबुळीत लागतं म्हणजे बोटाची कातडीच विरघळत असते. ती तपासणी कृपा करून बंद करा, बायामाणसांच्या हातांची काय दशा होते ते प्रत्येक शेडवर दिसतं.

शेडनवी (कवठेमहांकाळ)

दादा, बाटलीची तपासणी आज करून बघितली. तळाला चांगलाच गाळ बसला. पाणी आदल्या रात्री नितळ करून घेणार. आता ओलाव्याच्या मीटरचं सांगा. आणि मुठीची परीक्षा चालते का?

साक्षीकॅरेट (सावळज)

ओलाव्याचा मीटर नको. बाजारात स्वस्तात मिळतात ते धान्यासाठी जुळवलेले असतात. बेदाण्यातली साखर, आणि वर तेल-कार्बोनेटचा थर, यामुळं त्यांचा आकडा भरवशाचा नसतो. त्याऐवजी १० ग्रॅमचाही फरक दाखवणारा साधा वजनकाटा घ्या, तो पुढंही उपयोगी पडेल.

पद्धत अशी. डिपिंगच्या आधी बरोबर ५ किलो द्राक्ष मोजा, घडाचा जाड दांडा काढून. डिपिंग झालं की वजन केलेल्या रिकाम्या जाळीच्या ट्रेमध्ये पसरा आणि रॅकच्या मधल्या मजल्यावर ठेवा. वरचा मजला लवकर वाळतो, खालचा उशिरा. त्या दिवशीचा ब्रिक्स ट्रेवर चिठ्ठी लावून लिहा. २२ ब्रिक्स असेल तर त्यात १.१ किलो घन आहे, ते बदलणार नाही, फक्त पाणी जाणार. ट्रेमधल्या मालाचं वजन १.४ किलो झालं तर ओलावा अजून २१ टक्के आहे. १.३ किलोला १५ टक्के, रॅकवरून काढणी करा. १.२५ किलोला १२ टक्के, म्हणजे उशीर झाला. सालीचं वजन ब्रिक्समध्ये येत नाही, म्हणून वीस-तीस ग्रॅम जास्त धरलं तरी चालतं. २४ ब्रिक्सचा माल असेल तर १५ टक्क्यांचा आकडा १.४ किलो येईल, म्हणून चिठ्ठी विसरू नका.

जास्त वाळवणं म्हणजे सुरक्षित, असं नाही. १५ टक्क्यांचा एक टन बेदाणा १२ टक्क्यांपर्यंत नेला की ९६६ किलो भरतो. ३४ किलो हवेत गेले, मालही कडक झाला. उलट १८-२० टक्क्यांवर बॉक्स भरला तर बुरशी आणि आंबूस वास.

मूठ चालते, पण हात बसल्यावर. दाबून सोडला की दाणे सुटे व्हायला पाहिजेत, गोळा राहता कामा नये. पहिले दोन हंगाम रोज ट्रे तोला आणि सोबत मूठही दाबा. जुन्या माणसांच्या हातात आहे ते तुमच्याही हातात येईल, आणि चुकीचं शिकलं जाणार नाही.

आर्द्रतेचा मीटर मात्र घ्या. स्वस्तातला चालेल, पण आधी तपासून. झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्यानं ओलसर करा (विरघळवू नका), मीटरसोबत हवाबंद डब्यात सात-आठ तास ठेवा. ७५ टक्के दाखवायला पाहिजे. ७० दाखवत असेल तर पुढं नेहमी ५ मिळवा. वाळलेला बेदाणा ६० टक्क्यांच्या वरच्या हवेत पाणी परत ओढू लागतो. म्हणून काढणी सकाळी दव असताना नको, दुपारी हवा कोरडी झाल्यावर, आणि काढलेला माल लगेच जाड पिशवीत बांधून. अवकाळीचं आभाळ आलं की रॅकच्या बाजूंचा प्लॅस्टिकचा कागद खाली सोडा, पण पाऊस थांबताच गुंडाळून वर घ्या. बंद कागदाच्या आत ओल्या मालाचीच वाफ कोंडते आणि दुसऱ्या दिवशी मण्यांवर काळी बुरशी दिसते. वारा वाहता ठेवणं हे उष्णतेपेक्षा महत्त्वाचं. पश्चिमेकडून ऊन थेट रॅकवर येत असेल तर तिथं शेडनेट दुहेरी करा, उन्हाखाली हिरवा रंग टिकत नाही. सगळं जमलं तर १२ ते १५ दिवस, ढगाळ हवेत वीसही लागतात.

सौदेबाजार (सांगली)

वरच्या सगळ्यांशी सहमत. एक भर. डिपिंग किंवा वाळवणीत गेलेला रंग गंधकाच्या धुरीनं (बेदाण्याला तंबूत गंधक जाळून धूर देतात त्यानं) परत येत नाही. किलोला दीड-दोन ग्रॅम गंधकाच्या वर जाऊ नका. त्यापुढं हिरवा फिकट होत पिवळ्याकडं जातो आणि बॉक्स उघडताच उग्र वास येतो. धुरीचा तंबू उघडताना दोन्ही बाजूंनी उघडा आणि दहा मिनिटं कोणालाही आत सोडू नका, दमेकऱ्याला तर नाहीच. पुढं स्वतः पाकिटं करून विकणार असाल तर किलोत १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असल्यास ते वेष्टनावर लिहावं लागतं, आणि धुरीचा बेदाणा त्यात येतोच.

कोल्ड स्टोरेजमधून बॉक्स सौद्याला आणताना आदल्या दिवशी बाहेर काढा आणि बंदच ठेवा. ४ अंशाचा बॉक्स एप्रिलच्या हवेत उघडला की दाण्यांवर पाणी धरतं. वाळवून, तोलून १५ टक्क्यांवर आणलेला माल वरून चिकट लागतो, आणि व्यापारी नमुन्याची मूठ घेऊन ओला म्हणून तूट धरतो.