भुसावळ–जळगाव रोजची ये-जा आणि टर्बो हॅचबॅक: आईला मागे बसवून निभेल का?

तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार. मी भुसावळला राहतो आणि नोकरीसाठी रोज जळगाव ओलांडून बांभोरीच्या बाजूला जातो. एका बाजूचे अंतर साधारण ३५ किलोमीटर भरते. वाटेत पत्नीला आकाशवाणी चौकाजवळ तिच्या कार्यालयात सोडायचे असते, त्यामुळे शहर टाळून जाण्याची सोय मला नाही. आमची सध्याची डिझेल हॅचबॅक अकरा वर्षांची झाली आहे. तिने कधी वाटेत दगा दिला नाही, पण आता ती बदलायची वेळ आली आहे.

माझे मन ह्युंदाई आय-२० एन लाइनवर (आय-२० ची स्पोर्टी, टर्बो आवृत्ती), त्यातही सहा गिअरच्या मॅन्युअलवर बसले आहे. कॉलेजात असताना मित्राच्या मोठ्या भावाची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (हीसुद्धा टर्बो पेट्रोल) मी एकदाच, वरणगावपर्यंत, चालवली होती. समोरच्या ट्रकला ओलांडताना पाय दाबला आणि गाडीने क्षणभरही न रेंगाळता जो ओढा दाखवला, तो इतक्या वर्षांत डोक्यातून गेलेला नाही. घरात मात्र प्रश्न वेगळे आहेत. आई ६८ वर्षांची असून तिचे गुडघे दुखतात, मुलगी चार वर्षांची आहे आणि हिवाळ्यात दोन-तीनदा तरी आम्ही सगळे भरितासाठी शेतात जातो. शिवाय आपल्याकडचा मे महिना कसा असतो, हे वेगळे सांगायला नको.

ही गाडी मला रविवारी मिरवायला नको आहे. पाच-सहा वर्षे, रोज, सगळ्या घरासाठी वापरायची आहे. ज्यांनी अशी गाडी रोज वापरली आहे त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

जुना आग्रा रोड (धुळे)

भाऊ, माझ्याकडे साडेतीन वर्षांपासून १२० पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती) टर्बो पेट्रोल, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्याने इंजिनात जादा हवा भरणारी, हॅचबॅक आहे आणि घरातली ती एकुलती एक गाडी आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते एका कंपनीचे नसून या जातीच्या सगळ्याच गाड्यांना लागू आहे.

आधी आपल्या रस्त्यांविषयी लिहितो, कारण या गाडीचे सुखदुःख इंजिनापेक्षा रस्त्यावरच ठरते. खानदेशची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. त्यामुळे भराव आणि खडीकरण नीट झालेले नसेल, तर वर डांबर कितीही गुळगुळीत टाकले तरी काही वर्षांत रस्त्याला लाटा पडतात. अशा लाटांवर मऊ सस्पेन्शनची गाडी ८० च्या वेगाला होडीसारखी झुलते आणि मागे बसलेल्याला मळमळते. ताठ स्प्रिंगची गाडी तिथेच एकदा खाली जाऊन लगेच स्थिरावते. म्हणून महामार्गावर माझ्या वडिलांना ही गाडी आधीच्या गाडीपेक्षा जास्त मानवते. खरा त्रास ३० च्या वेगाखाली, म्हणजे गल्लीतल्या गतिरोधकांवर आणि उखडलेल्या कडांवर होतो. तिथे प्रत्येक खड्डा पाठीला कळतो, आणि यावर काही उपाय आहे असे सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही.

दुसरी गोष्ट टायरची. १६ इंची चाकावर १९५/५५ मापाचा टायर (१९५ मिलिमीटर रुंद, उंची रुंदीच्या ५५ टक्के) असतो, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत रबराची उंची जेमतेम १०७ मिलिमीटर भरते. साध्या हॅचबॅकवर दिसणाऱ्या १८५/६५ टायरमध्ये ती १२० मिलिमीटर असते. हा १३ मिलिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण मागच्या वर्षी पारोळ्याच्या अलीकडे पाण्याने भरलेला खड्डा मला दिसला नाही आणि पुढचे डावे चाक त्यात आदळले, तेव्हा तो मला चांगलाच कळला. हवा गेली नाही, म्हणून मी तसाच घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुसताना टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आलेला हाताला लागला. टायरच्या आतले धागे तुटले की असा फुगा येतो. त्याला पंक्चरसारखे ठिगळ लागत नाही, टायर बदलावाच लागतो. तेव्हापासून पावसाळ्यात हवा दर आठवड्याला तपासतो आणि ती कंपनीने सांगितलेल्या आकड्याखाली जाऊ देत नाही. पाणी साचलेला पट्टा दिसला की पुढच्या गाडीच्या चाकांची वाट धरतो.

आता आनंदाविषयी, कारण तुम्ही तोच शोधत आहात. लोकांना वाटते की अशी गाडी १५० च्या वेगासाठी घेतात. माझा अनुभव असा की तिचा खरा उपयोग ५० ते ९० च्या दरम्यान आहे. एन लाइनचेच घ्या: ९९८ सीसीचे इंजिन १७२ न्यूटन मीटरचा ओढा मिनिटाला १५०० ते ४००० फेऱ्यांच्या पट्ट्यात देते. त्यामुळे कापसाने भरलेली ट्रॉली ओलांडताना खालच्या गिअरवर यावे लागत नाही, किंवा फार तर एकच गिअर उतरवावा लागतो, आणि समोरच्या बाजूच्या वाटेवर तुम्ही कमी वेळ राहता. कामानिमित्त मी महिन्यातून एकदा चाळीसगावमार्गे कन्नडचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरला जातो. २०२३ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनांना तो घाट बंद झाल्यापासून तिथे वळणे मोकळी मिळतात. पहाटे सहाला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, वेगाची मर्यादा न मोडता, स्टिअरिंग वळवले तितकीच आणि तिकडेच वळणारी गाडी हातात असणे हे सुख मला दुसऱ्या कोणत्याही खर्चात मिळालेले नाही. उतरताना तेच इंजिन गिअरमध्ये गाडी धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत.

तुमच्या वाटेवरच्या वाहतूक कोंडीविषयी एवढेच सांगतो की मॅन्युअलचा निर्णय बरोबर आहे. या वर्गातल्या सात गिअरच्या ड्युअल क्लच पेट्या (दोन क्लचचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) बहुतेक कोरड्या क्लचच्या असतात. अजिंठा चौफुलीसारख्या ठिकाणी इंच-इंच सरकताना कोरडा क्लच अर्धवट घसटत राहतो आणि ४४-४५ अंशांच्या उन्हात त्याची उष्णता बाहेर पडायला जागा मिळत नाही.

गॅरेज, अमळनेर

वरील दादांनी रस्त्याचे नेमके लिहिले आहे. मी गाडीच्या पोटातले लिहितो.

तुमचा हिशेब करा. रोजचे ७० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १,७५० किलोमीटर आणि वर्षाचे २१,०००. पंधराचे ॲव्हरेज धरले तर महिन्याला जवळपास ११७ लिटर पेट्रोल लागेल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि एक लिटर इथेनॉलमधली ऊर्जा एक लिटर पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते. त्यामुळे जुन्या लेखांतले ॲव्हरेजचे आकडे पाहून बसू नका. वापरलेली गाडी घेणार असाल, तर ती ई-२० पेट्रोलसाठी बनलेली आहे की नाही, हे मॅन्युअलमध्ये पाहूनच पुढे जा.

टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे मारतो आणि त्याच्या एका बाजूने जाणारा धूर ८०० अंशांच्या पुढे तापू शकतो. त्याच्या बेअरिंगला ऑइलच वंगण देते आणि ऑइलच त्याला थंडही ठेवते. म्हणून मॅन्युअलमधल्या ग्रेडचेच फुल सिंथेटिक ऑइल घाला. दहा हजार किलोमीटरांची मुदत असली तरी आपल्या धुळीत आणि उन्हात मी गिऱ्हाइकांना साडेसात हजारांवर बदलायला सांगतो. महामार्गावर ताणून आलात किंवा घाट चढून थांबलात, तर चावी फिरवण्याआधी मिनिटभर इंजिन चालू राहू द्या. शहरातून सावकाश आल्यावर तेवढेही लागत नाही. कापसाच्या हंगामात दर सर्व्हिसला एअर फिल्टर उघडून पाहा. गेल्या डिसेंबरात माझ्याकडे आलेल्या एका टर्बो गाडीच्या फिल्टरवर कापसाच्या तंतूंची अशी गादी बसली होती की ती बोटाने सोलून काढावी लागली. मालकाची तक्रार एवढीच होती की गाडी ओढत नाही.

मे महिन्याच्या दुपारी गाडी थोडी आळसावलेली वाटेल, तेव्हा घाबरू नका. गरम हवा विरळ असते, इंटरकूलरलाही (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीला) ती पुरेशी थंड करता येत नाही, आणि इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून गाडीतला संगणक स्पार्क थोडा उशिरा देतो. डिसेंबरच्या सकाळी तीच गाडी पुन्हा पूर्वीसारखी धावेल.

आणि कृपया सायलेन्सर बदलू नका. नोंदणीच्या वेळी गाडी जशी होती तीत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी तोच बदल तुमच्या विरोधात मांडला जाऊ शकतो.

शाळेच्या वाटेवर (चोपडा)

मी रोज चोपडा ते यावल या वाटेवर गाडी चालवते, म्हणून दोन शब्द लिहिते. गाडी चालवणाऱ्याचे सुख वरच्या दोघांनी छान मांडले, पण मागे बसणाऱ्या आईंविषयी अजून कोणी नीट लिहिलेले नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला धक्क्यांपेक्षा चढण्या-उतरण्याचा त्रास जास्त होतो. आसन खाली असले की बसताना शरीर सोडून द्यावे लागते आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. माझ्या सासूबाई आमच्या जुन्या ठेंगण्या गाडीतून उतरताना एक हात दाराच्या वरच्या काठाला आणि दुसरा माझ्या खांद्याला लावत असत.

म्हणून आम्ही मारुतीची फ्रॉन्क्स टर्बो घेतली. २०१७ साली आलेल्या बलेनो आरएसमध्ये जे ९९८ सीसीचे बूस्टरजेट टर्बो इंजिन होते, त्याच घराण्याचे हे इंजिन आहे आणि ताकद १०० पीएस आहे. आसन उंच आहे आणि शेताच्या गाडवाटेवर चाकोरीच्या मधला उंचवटा खाली घासत नाही. स्टिअरिंगला एन लाइनसारखी धार नाही, हे मी चाचणीत दोन्ही गाड्या चालवून पाहिल्यामुळे मान्य करते. तरी केळीचे ट्रक ओलांडताना मला कधी ताकद कमी पडलेली नाही. तुम्ही ठरवा, पण ठरवण्याआधी आईंना दोन्ही गाड्यांत बसवून पाहा.

जुना आग्रा रोड (धुळे)

ताईंचा मुद्दा मला पूर्ण पटतो आणि तो माझ्याकडून सुटला होता. एवढेच जोडतो की आपल्याकडे या जातीच्या गाड्या मुळातच कमी का आहेत, हे समजले तर निवड सोपी होते. चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असले तर कर कमी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यापेक्षा मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. इंजिनाच्या याच मर्यादेमुळे पोलो जीटी टीएसआय ११९७ सीसीची होती, २०२४ ची टाटा अल्ट्रोझ रेसर ११९९ सीसीची आणि एन लाइन ९९८ सीसीची. जिने ही मर्यादा ओलांडली, मग ती २०१५ ची १४५ पीएसची फियाटची अबार्थ पुंटो असो, २०१६ ची तीन दारांची पोलो जीटीआय असो किंवा २०२५ मध्ये सुमारे ५३ लाखांना आलेली फोक्सवॅगनचीच गोल्फ जीटीआय, ती मोजक्याच दारांत पोहोचली. ज्याला रोज चालवायची आहे, त्याच्यासाठी यादी दोन-तीन नावांवर संपते. तेव्हा तेवढ्या गाड्या चालवून पाहायला एक रविवार पुरेसा आहे.

तापीकाठ (भुसावळ)

सर्वांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितल्याप्रमाणे तीन दिवसांपूर्वी आईला घेऊन जळगावला गेलो आणि शोरूमच्या माणसाला विनंती करून एन लाइन महामार्गावर न नेता जुन्या वस्तीतल्या, पाच गतिरोधक असलेल्या गल्लीतून फिरवली. मागच्या आसनावर आई दोन गतिरोधक गप्प बसली आणि तिसऱ्याला तिने हात वरच्या दांडीला नेला. मी गाडी थांबवून तिला पुढे बसवले. पुढचे आसन मागे सरकवले, तेव्हा ती आधार न घेता उतरली. उरलेल्या दोन गतिरोधकांविषयी विचारले तर म्हणाली, "हे चालेल, पण तू मागे बसवू नको." पत्नीने तिथल्या तिथे सांगितले की आई असतील तेव्हा ती आणि मुलगी मागे बसतील. फ्रॉन्क्समध्ये आई मागेही निवांत होती, हे ताईंसाठी नमूद करतो.

दोन दिवस विचार करून एन लाइन मॅन्युअलचे बुकिंग केले आहे, कारण वर्षातल्या जवळपास तीनशे दिवशी गाडीत मी आणि पत्नी दोघेच असतो आणि येताना अर्धी वाट तीच चालवते. भरिताला जाताना गाडी डांबरी रस्त्यावरच्या कडुनिंबाखाली उभी करू आणि पुढचे अर्धा किलोमीटर चुलतभावाच्या ट्रॅक्टरवरून जाऊ. मुलीला ते आत्ताच फार आवडले आहे. धुळ्याच्या दादांना एक शेवटचे विचारतो: स्टेपनीचे माप चारही चाकांच्या मापापेक्षा वेगळे असेल, तर पारोळ्यासारखा प्रसंग आल्यावर त्या चाकावर किती वेगाने आणि किती दूर जाता येते?

जुना आग्रा रोड (धुळे)

अभिनंदन. वेगळ्या मापाच्या स्टेपनीवर बहुधा ८० ची मर्यादा छापलेली असते. ती मर्यादा पाळा आणि टायरच्या जवळच्या दुकानापर्यंतच जा. शक्य असेल तर ती स्टेपनी मागच्या चाकाला लावा, कारण तुमच्या गाडीची पुढची चाके ओढणारीही आहेत आणि वळवणारीही. पुढचा टायर गेला असेल, तर आधी मागचे चांगले चाक काढून तिथे स्टेपनी बसवा आणि मग ते चांगले चाक पुढे लावा. जॅक दोनदा लावावा लागेल, पण जमते. गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात अंगणात एकदा करून पाहा, आणि वहिनींनाही करायला सांगा.