जुनी गेमपोर्ट जॉयस्टिक, एफएस ५ आणि नागपूरची रात्रीची टपाल विमानं: विमान सारखं डावीकडे कलून राहिलं आहे

सोनेगाव_३२

नमस्कार मंडळी. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या दोन जुन्या आवृत्त्या पुन्हा नीट उडवायच्या आहेत: १९९३ ची डॉस या जुन्या प्रणालीवरची ५ (एफएस ५) आणि २००३ ची फ्लाइट सिम्युलेटर २००४.

सामान असं आहे. विंडोज १० चा लॅपटॉप, एक पेंटियम थ्रीचं कॅबिनेट (गेमपोर्ट, म्हणजे जुन्या जॉयस्टिकचं पंधरा पिनांचं तोंड, असलेल्या साउंड कार्डसकट) आणि पंधरा पिनांची अ‍ॅनालॉग जॉयस्टिक, दोन बटणं व थ्रॉटलचं (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारं) चाक असलेली. लॅपटॉपला जोडायला गेमपोर्ट ते यूएसबीचा साधा अ‍ॅडॅप्टर आहे.

अडचण पहिली: डॉसबॉक्समध्ये (डॉसच्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) एफएस ५ चालतं, सायकल्स (त्या नकली प्रोसेसरचा वेग) ‘मॅक्स’वर ठेवल्या आहेत. कॅलिब्रेशन केलं की थोडा वेळ ठीक, मग विमान हळूहळू डावीकडे कलतं. दुसरी: २००४ ची मूळ सीडी विंडोज १० वर इन्स्टॉल होते, पण प्रोग्राम उघडतच नाही.

हे सगळं कशासाठी, तर डीसी-३ घेऊन रात्रीची मुंबई–नागपूर टपालफेरी उडवायची आहे. आधी काय दुरुस्त करावं?

---

सोल्डर_धंतोली

भाऊ, आधी दोष जॉयस्टिकमध्ये आहे की डॉसबॉक्समध्ये, हे वेगळं करा. विंडोजमध्ये ‘रन’ उघडून जॉय डॉट सीपीएल (जॉयस्टिक तपासायची खिडकी) चालवा आणि जॉयस्टिकच्या काडीला हात न लावता अधिकचं चिन्ह बघा. ते स्थिर असेल तर दोष डॉसबॉक्सच्या वेळमापनात. थरथरत किंवा सरकत असेल तर काडीच्या आतलं पोटेन्शिओमीटर (दांडा फिरला की रोध बदलणारा भाग) गेलं.

यामागचं कारण समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. गेमपोर्ट व्होल्टेज मोजतच नाही, तो वेळ मोजतो. प्रोग्राम २०१ हेक्स या पोर्टवर काहीही लिहितो, कार्डावरचा टायमर सुरू होतो आणि काडीतल्या रोधातून एक कपॅसिटर भरू लागतो. तो भरेपर्यंत त्या अक्षाचा बिट १ राहतो. आयबीएमचं मूळ सूत्र असं: मायक्रोसेकंद = २४.२ + ०.०११ × ओहम. म्हणजे काडी मध्यावर, ५० किलोओहमवर, असताना साधारण ५७४ मायक्रोसेकंद आणि १०० किलोओहमला ११२४.

त्या काळचे पुष्कळ डॉस प्रोग्राम हा वेळ घड्याळाने मोजत नसत. बिट शून्य होईपर्यंत एक लूप किती वेळा फिरला ते मोजत. प्रोसेसरचा वेग बदलला की तीच काडी, तोच रोध, पण आकडा वेगळा. सायकल्स ‘मॅक्स’वर असल्या की लॅपटॉप गरम होऊन वेग उतरताच मध्यबिंदू सरकतो. नागपूरच्या मे महिन्यात लॅपटॉपला वेग उतरवायला फार वेळ लागत नाही.

म्हणून कॉन्फिग फाइलमध्ये एवढं करा:

मशीन = एसव्हीजीए_एस३
मेमसाइझ = १६
सायकल्स = फिक्स्ड २५०००
जॉयस्टिकटाइप = ४अ‍ॅक्सिस
टाइम्ड = फॉल्स

(फाइलमध्ये हे अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहायचं.) २५००० म्हणजे ढोबळमानाने ६६ मेगाहर्ट्झचं ४८६, एफएस ५ साठी अगदी योग्य. ‘टाइम्ड’ बंद केलं की डॉसबॉक्स वेळेऐवजी पोर्ट किती वेळा वाचला ते मोजून उत्तर देतं, त्यामुळे वेगाचा परिणाम उरत नाही. हे बदलल्यावर एफएसमध्ये कॅलिब्रेशन पुन्हा करा, जुनं चालणार नाही. उडताना कंट्रोल-एफ११ आणि एफ१२ यांना हात लावू नका, त्यांनी सायकल्स बदलतात.

---

कट्टा_३८६

वर सांगितलेलं बरोबर आहे. खऱ्या यंत्रावर बसवणार असाल तर एक भर: मदरबोर्डवर किंवा जुन्या मल्टी आयओ कार्डवरही गेमपोर्ट असू शकतो. दोन गेमपोर्ट एकाच २०१ पत्त्यावर बसले की अक्ष वेड्यासारखे उडतात आणि माणूस उगाच काडी उघडतो. एक पोर्ट जंपरने किंवा बायोसमधून बंद करा.

शिवाय ‘डेड झोन (मध्याजवळचा, हालचाल न मोजणारा पट्टा) वाढवा’ असा सल्ला जागोजागी मिळेल. तो घेऊ नका. डेड झोनने थरथर झाकली जाते, पण मध्याजवळची बारीक हालचालही मरते, आणि लँडिंग तर त्या बारीक हालचालीवरच होतं. २००४ मध्ये उलट करा: सेन्सिटिव्हिटी पूर्ण उजवीकडे, नल झोन (म्हणजे तोच डेड झोन) पूर्ण डावीकडे.

---

सोनेगाव_३२

धन्यवाद. सायकल्स फिक्स केल्यावर हळूहळू सरकणं थांबलं. पण जॉय डॉट सीपीएलमध्येही चिन्ह थरथरतं, फक्त आडव्या अक्षात. मल्टिमीटरने मोजलं: पूर्ण डावीकडे ४ किलोओहम, पूर्ण उजवीकडे ९७, मध्याजवळ ३० ते ५५ च्या मध्ये उड्या. उभा अक्ष ठीक आहे. आता?

---

सोल्डर_धंतोली

मग कार्बनचा पट्टा मध्यावर घासला गेला आहे किंवा त्यावर धूळ बसली आहे. काडी बहुतेक वेळ मध्यावरच असते, म्हणून झीजही तिथेच होते.

आधी सफाई. खालचे स्क्रू काढताना स्प्रिंग उडू नये म्हणून काडी एका हाताने धरून ठेवा. पोटेन्शिओमीटरच्या तीन पायांजवळ पत्र्यात फट असते. त्या फटीतून काँटॅक्ट क्लीनर किंवा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन-चार थेंब सोडा आणि दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. अर्धा तास सुकू द्या, मग पुन्हा मोजा. दाराच्या बिजागऱ्यांना मारतात तो गंज-तेलाचा स्प्रे वापरू नका. तो मागे तेलकट थर सोडतो, त्यावर धूळ चिकटते आणि दुखणं महिन्याभरात परत येतं. अल्कोहोल दांड्यातलं ग्रीसही धुऊन काढतं, तेव्हा शेवटी दांड्याच्या बुडाशी सिलिकॉन ग्रीसचा ठिपका लावा.

सफाईनेही उडी गेली नाही तर थ्रॉटलच्या चाकाचं पोटेन्शिओमीटर तपासा. छापलेला आकडा आणि फिरण्याचा कोन दोन्ही सारखे असतील तर अदलाबदल करा. थ्रॉटल मध्यावर फारसा थांबत नाही, त्याला तो घासलेला भाग चालून जातो.

नवीन घ्यायची वेळ आली तर इथे लोक फसतात. सीताबर्डीत ‘१०० के’ मागितलं की सहज मिळेल, पण तुमच्या काडीला ते बसणार नाही. बाजारातलं साधं पोटेन्शिओमीटर सुमारे ३०० अंश फिरतं. काडी फिरते जेमतेम ६० अंश. म्हणजे १०० किलोओहममधले वीसच वापरात येतील आणि विमान अर्धंच वळेल. तुमच्याकडे ४ ते ९७ वाचन येतं, याचा अर्थ आतलं मूळ पोटेन्शिओमीटर कमी कोनात पूर्ण रोध देणारं आहे. तसं मिळालं नाही तर ४७० किलोओहमचं घ्या. ६० अंशांत त्याचे ९४ किलोओहम होतात. बसवताना काडी मध्यावर धरा, दांडा फिरवून मीटरवर ४७ च्या आसपास आणा आणि मग घट्ट करा. अंगावर ‘बी’ छापलेलं, म्हणजे लिनियर घ्या. ‘ए’ आवाजासाठी असतं, त्याने विमान एका बाजूला आळशी आणि दुसऱ्या बाजूला उतावीळ होतं.

मोजण्यासाठी पिना: १ आणि ३ मध्ये आडवा अक्ष, १ आणि ६ मध्ये उभा, १ आणि १३ मध्ये थ्रॉटल, १ आणि ११ मध्ये रडर (शेपटीचं सुकाणू) असेल तर तो. बटणं २, ७, १० आणि १४ वर, जमीन (ग्राउंड) ४ वर.

---

फ्लॉपीवाली_महाल

काका, ते स्वस्त यूएसबी अ‍ॅडॅप्टर मला पटत नाहीत, बऱ्याच जणांत मापनाच्या पायऱ्या फार ठोकळ असतात. प्रो मायक्रो हा आर्डुइनोसारखा छोटा बोर्ड घेऊन स्वतः बनवणं जास्त चांगलं. एटीमेगा ३२यू४ वाला बोर्डच हवा. आर्डुइनो उनो नको, त्याची मुख्य चिप स्वतः यूएसबी जॉयस्टिक म्हणून ओळख देऊ शकत नाही.

सामान थोडंच लागतं: दोन ओळींचं (८ + ७) पंधरा पिनांचं मादी सॉकेट, १०० किलोओहम १ टक्क्याचे चार रोध, १०४ छापलेले चार कपॅसिटर. सॉकेट घेताना तीन ओळींचं व्हीजीएचं हातात देतात, ते बघून घ्या.

पिन १ ला ५ व्होल्ट, ४ ला जमीन. ३, ६, ११, १३ या प्रत्येकीपासून एक तार अ‍ॅनालॉग इनपुटला, आणि त्याच ठिकाणाहून जमिनीकडे एक रोध व एक कपॅसिटर. बटणांच्या इनपुटला आतला पुलअप (बटण न दाबता इनपुट ‘वर’ धरून ठेवणारा रोध) चालू करायचा, बाहेर काही लागत नाही. यूएसबी लावण्याआधी १ आणि ४ मध्ये शॉर्ट नाही ना, हे मीटरने बघाच.

आलेलं वाचन सरळ रेषेत नसतं. काडीचा रोध आणि आपला रोध मिळून व्होल्टेज वाटून घेतात, त्यामुळे मध्यावर ५१२ ऐवजी ६८२ च्या आसपास येतं. कोडमध्ये उलटा हिशेब करा: काडीचे किलोओहम = १०० × (१०२३ ÷ वाचन − १). हा दुरुस्तीचा भाग गाळला तर डावं आणि उजवं वळण सारखं होत नाही. कपॅसिटर गाळला तर एका अक्षाची सावली दुसऱ्यावर पडते, कारण इतक्या मोठ्या रोधातून चिपचा आतला सॅम्पलिंग कपॅसिटर वेळेत भरत नाही.

साइडवाइंडर ३डी प्रो किंवा विंगमॅन डिजिटलसारख्या डिजिटल काड्यांना ही जोडणी चालणार नाही. त्या रोध दाखवतच नाहीत, बटणांच्या तारांवरून आकडे पाठवतात.

फ्लॉपी असतील तर ड्राइव्हमध्ये घालण्याआधी सरकतं झाकण उघडून चकती उजेडात फिरवून बघा. पांढरे डाग म्हणजे पावसाळ्यातली बुरशी. ती हेडला लागली की पुढची प्रत्येक फ्लॉपी ओरखडली जाते. चांगल्या फ्लॉपीची खिडकी उघडी ठेवून, म्हणजे लिहिणं बंद करून, पहिल्याच वाचनात प्रतिमा काढा. १.४४ ची पूर्ण प्रतिमा १४,७४,५६० बाइट्स भरली पाहिजे. १९८२ ची पहिली आवृत्ती मात्र अशी निघत नाही. ती डॉसशिवाय थेट फ्लॉपीवरून सुरू व्हायची आणि तिच्यावर कॉपी संरक्षण होतं. तिला चुंबकीय प्रवाहच टिपणारं ग्रीजवीझलसारखं यंत्र लागतं.

---

कट्टा_३८६

आता २००४ ची सीडी. तिच्यावर सेफडिस्क नावाचं कॉपी संरक्षण आहे. त्याचा सेकड्रीव्ह नावाचा ड्रायव्हर विंडोज १० सुरक्षेच्या कारणाने चालवतच नाही. म्हणून इन्स्टॉल होतं, पण उघडत नाही. कंपॅटिबिलिटी मोड बदलून काही उपयोग नाही.

तुमच्याकडे पेंटियम थ्री आहे, तोच याचा सरळ रस्ता. २००४ ची किमान गरज ४५० मेगाहर्ट्झ, एक्सपीवर १२८ एमबी रॅम आणि डायरेक्टएक्स ९. विंडोज एक्सपी टाका, गेमपोर्टला तिथे अजून आधार आहे (व्हिस्टापासून तो काढला), म्हणजे या यंत्रावर अ‍ॅडॅप्टरही नको. उडवताना चौथी सीडी ड्राइव्हमध्ये लागते. २००४ चं ९.१ अपडेट टाकायला विसरू नका.

कॅबिनेट चालू करण्याआधी उघडून प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर बघा. डोकं फुगलेलं किंवा बुडाशी तपकिरी डाग दिसला तर तो बदलल्याशिवाय वीज देऊ नका. सीआर२०३२ सेल नवीन घाला, थर्मल पेस्ट पुन्हा लावा. आणि राजेहो, यंत्र डेझर्ट कूलरच्या झोतात ठेवू नका. त्या ओल्या हवेत पाण्याचे क्षार असतात. धूळ, क्षार आणि ओल एकत्र आले की रॅमच्या आणि कार्डांच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो. मग मशीन मधेच अडकतं आणि दोष विंडोजच्या माथी जातो. पट्ट्या साध्या पेन्सिलच्या खोडरबरने पुसा.

---

वऱ्हाडी_डकोटा

टपालफेरीचं विचारलंत, हे फार आवडलं. १९४९ च्या जानेवारीअखेर ही सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री विमानं निघायची, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. सुरुवातीला डकोटाच (डीसी-३ चंच दुसरं नाव) होती, म्हणजे २००४ मधली डीसी-३ याला चपखल बसते. नागपूरहून सरळ रेषेत अंतरं मैलांत (सागरी): मुंबई ३७०, दिल्ली ४६०, मद्रास ४९०, कलकत्ता ५३०. मुंबईची फेरी सगळ्यांत जवळची, सुरुवात तिनेच करा.

विमानतळ शोधताना कोड टाका: व्ही-ए-एन-पी. धावपट्टी १४/३२, समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३० फूट. ही उंची कागदावर लिहून ठेवा, कारण रात्री जमीन दिसत नाही आणि अल्टिमीटर (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा) १,५०० दाखवत असला तरी खाली पाचशेच फूट उरलेले असतात. उतरण्याआधी ‘बी’ची कळ दाबून अल्टिमीटरला हवेचा दाब लावून घ्या.

मुंबईहून दिशा ०७१. इंधन ४०० गॅलन पुरेसं: तासाला साधारण ९० गॅलन, अडीच-पावणेतीन तासांची फेरी, उरलेलं राखीव. उड्डाणाला ४८ इंच दाब (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा) आणि मिनिटाला २७०० फेरे, वर गेल्यावर ३० इंच आणि २०५० फेरे, वेग १४० नॉटच्या आसपास बसतो. आधी थ्रॉटल कमी करा, मग प्रोपेलरचे फेरे. उलट केलं तर खऱ्या इंजिनाला ते सोसत नाही, आणि सवय खऱ्यासारखीच लावावी. मुंबई सोडताच सह्याद्री आहे, तेव्हा ७,००० फूट गाठेपर्यंत पूर्वेला रेंगाळू नका. उंची समुद्रावरच घ्या.

जीपीएसची खिडकी उघडू नका. दिशा, वेग आणि घड्याळ यांवर चला, दर वीस मिनिटांनी नकाशावर खूण करा. वारा ‘रिअल वेदर’ऐवजी हाताने लावा, पश्चिमेचा १५ नॉट ठेवला तरी पोचण्याची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे येते. ते गणित आधी करून निघा. डीसी-३ शेपटीच्या चाकावर बसते, तेव्हा टेकताना रडर लागतो. तुमच्या काडीला रडर नाही, म्हणून २००४ मध्ये ऑटोरडर (रडर आपोआप चालवणारी सोय) चालू ठेवा, किंवा वरच्या जोडणीत पिन ११ वर एक सरकतं पोटेन्शिओमीटर लावून घ्या.

---

सोनेगाव_३२

सगळ्यांचे आभार. आधी सफाई, मग गरज पडली तर ४७० के. थैल्या परत मुंबईला न्यायच्या तर परतीची दिशा २५१ धरू का?

---

वऱ्हाडी_डकोटा

निघताना २५२ धरा. सरळ मार्गावर दिशा वाटेत थोडी बदलत जाते, उत्तरार्धात २५० वर या. आणि आता तोच वारा समोरून आहे, तेव्हा फेरी तीन तासांच्या जवळ जाईल, इंधन नागपूरलाच पुन्हा ४०० करून घ्या.